काळवेळेचे इंग्रजी : शुद्ध कोणते, अशुद्ध कोणते?

नामपूर हे नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील, मोसम नदीच्या काठचे बाजारपेठेचे गाव आहे. कांद्याच्या हंगामात तेथील बाजाराचे आवार गाड्यांनी भरून जाते आणि तो माल परप्रांती, प्रसंगी परदेशीही रवाना होतो. या भागातील अनेक घरांची बोली अहिराणी, शाळेत शिकावयाची भाषा मराठी, आणि दूरच्या पेढीशी पत्रव्यवहार करावयाचा तो पुष्कळदा इंग्रजीत, असा हा तीन पायऱ्यांचा जिना आहे. अशा गावच्या एखाद्या व्यापाऱ्याने दक्षिणेकडील पेढीस लिहिले की, ‘द गुड्स विल रीच यू टिल मंडे’, तर त्याच्या मनातील मराठी वाक्य अगदी सरळ आहे : ‘माल सोमवारपर्यंत तुम्हांस पोहोचेल.’ परंतु इंग्रजी ही ज्याची जन्मभाषा आहे अशा मनुष्यास त्या वाक्याचा निराळाच अर्थ लागेल. माल आतापासून येत राहील आणि सोमवारी येण्याचा थांबेल, असे तो समजेल. एका लहानशा शब्दयोगी अव्ययाने मालाची मुदत उलटीपालटी झाली.

काळवेळेविषयी बोलताना मराठी मनुष्य इंग्रजीत ज्या चुका करतो, त्या प्रायः अज्ञानाच्या नसतात. त्या मराठीच्या शहाणपणाने केलेल्या असतात. मराठीत जे बरोबर, ते इंग्रजीत तसेच उचलून ठेवले की कधी ते चालते, कधी विनोदी दिसते, आणि कधी नुकसान करते. या तिन्ही प्रकारांची गल्लत करून सर्वांनाच ‘अशुद्ध’ असा एक शिक्का मारण्याची पद्धत आपल्याकडे पडली आहे. ती सोडून एकेका प्रयोगाची निराळी पारख केली पाहिजे.

तत्पूर्वी हेही लक्षात ठेवावयास हवे की, इंग्रजीत शुद्धाशुद्धाचा निवाडा करणारी अधिकृत संस्था नाही. फ्रान्समध्ये इ. स. १६३५ पासून अकादमी आहे. इंग्लंडमध्ये जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये तशी सूचना केली होती, पण ती हवेतच विरली. इंग्रजीचे नियम व्यक्तींनी लिहिलेल्या पुस्तकांतून आले. जॉन वॉलिस याने १६५३ मध्ये इंग्रजीचे व्याकरण चक्क लॅटिन भाषेत लिहिले आणि भविष्यकाळी ‘शॅल’ कोठे व ‘विल’ कोठे याचा नियम घालून दिला. पुढे रॉबर्ट लाउथचे व्याकरण १७६२ मध्ये आले. हिंदुस्थानातील शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नेसफील्डचे आणि १९३५ च्या सुमारापासून रेन व मार्टिन यांचे व्याकरण घरोघर पोहोचले. यांपैकी रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काही वर्षे होते आणि कादंबरीकार म्हणूनही त्यांचे नाव झाले. मराठी घरांत त्या जोडीला तर्खडकरांची भाषांतरमाला असे. तिच्यात मराठी वाक्य एकीकडे व त्याचे इंग्रजी दुसरीकडे अशी मांडणी असल्याने, दोन भाषांच्या वाक्यरचनेतील तफावत मुलांच्या डोळ्यांसमोर आपोआप येई. त्या तफावतीचे कारण मात्र शिक्षक क्वचितच सांगत.

आता ‘पर्यंत’ हा शब्द घेऊ. मराठीत ‘मी पाच वाजेपर्यंत थांबेन’ आणि ‘मी पाच वाजेपर्यंत येईन’ ही दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. पहिल्यात थांबण्याची क्रिया पाचापर्यंत अखंड चालू राहते. दुसऱ्यात येण्याची क्रिया एका क्षणात घडते आणि पाच ही तिची शेवटची मर्यादा आहे. मराठी या दोहोंस एकच शब्द वापरते, कारण क्रियापदाच्या अर्थावरूनच भेद उघड होतो. इंग्रजी मात्र पहिल्यास ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’ आणि दुसऱ्यास ‘बाय’ असे दोन शब्द मागते. कोठे कोणता योजावा हे ओळखण्याची एक घरगुती परीक्षा आहे. ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून पाहावे. ‘सोमवारच्या आत माल पोहोचेल’ हे वाक्य मराठीत चालते. तेव्हा तेथे ‘बाय’. ‘सोमवारच्या आत थांबेन’ याला काही अर्थ नाही. तेव्हा तेथे ‘टिल’. नामपूरच्या पत्रातील वाक्य ‘बाय मंडे’ असे हवे होते, हे या परीक्षेने कोणासही कळेल.

याच शब्दाच्या पोटात दुसरा एक खड्डा आहे. ‘तो येत नाही तोपर्यंत मी जेवणार नाही’ या मराठी वाक्यात ‘येत नाही’ हा नकार आवश्यक आहे. त्याचे ‘अन्टिल ही डज नॉट कम’ असे भाषांतर शाळकरी मुलापासून वकिलापर्यंत सर्व करतात. इंग्रजीत ‘अन्टिल’ याच्या पोटातच मर्यादेची कल्पना आलेली असल्यामुळे तेथे नकार घातला म्हणजे तो अधिकाचा होतो. ‘अन्टिल ही कम्स’ एवढेच पुरे. तथापि मराठी माणसाने यात लाज वाटून घेण्याचे कारण नाही. रशियन भाषेतही अशा ठिकाणी नकार येतो, आणि रशियन विद्यार्थी इंग्रजी शिकताना हुबेहूब हीच चूक करतो. मराठीतच पाहिले तर ‘तो येईपर्यंत’ अशी नकारविरहित रचनाही आहे. तीच मनात धरून भाषांतर केले तर पाय घसरत नाही.

‘पासून’ची कथा ‘पर्यंत’सारखीच आहे, पण तिची प्रसिद्धी अधिक. ‘आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ या वाक्याची थट्टा करणे हा इंग्रजी शाळांतून शिकलेल्यांचा आवडता खेळ आहे. यात दोन दोष सांगतात. एक, ‘सिन्स’ हा शब्द काळातील एका बिंदूपुढे येतो, लांबीपुढे येत नाही. ‘सोमवार’, ‘१९४०’, ‘सकाळ’ हे बिंदू. ‘दोन वर्षे’, ‘तीन तास’ ही लांबी, आणि तिच्याकरिता ‘फॉर’. दुसरा दोष क्रियापदाचा. पूर्वी सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेस इंग्रजीत साधा चालू वर्तमानकाळ चालत नाही. ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ असे पूर्णतेचे रूप लागते. मराठीत ‘राहत आहे’ एवढ्याने काम भागते. जर्मन व फ्रेंच भाषांतही मराठीसारखाच साधा वर्तमानकाळ येतो, आणि म्हणून जर्मन मनुष्यही इंग्रजी बोलताना अगदी बागलाणातल्या विद्यार्थ्यासारखाच चुकतो. त्याची थट्टा मात्र कोणी फारशी करीत नाही.

येथेही मराठीच मदतीस येते. ‘दोन वर्षांपासून’ याला ‘गेली दोन वर्षे’ असा पर्याय आहे. जेथे ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून वाक्य जमते तेथे ‘फॉर’. जेथे जमत नाही तेथे ‘सिन्स’. ‘गेली दोन वर्षे’, ‘गेले तीन दिवस’ हे जमते. ‘गेली १९४०’ किंवा ‘गेली सकाळ’ कोणी म्हणणार नाही. विद्यार्थ्यास बिंदू व लांबी यांची भूमिती सांगण्यापेक्षा हा उपाय सोपा आहे.

‘पूर्वी’ या शब्दाने ‘बिफोर टू डेज’ हा प्रयोग जन्मास घातला. ‘दोन दिवसांपूर्वी’ याचे ते शब्दशः रूप आहे, पण इंग्रजीत ‘टू डेज अगो’ म्हणावे लागते. हा ‘अगो’ शब्द मूळचा ‘गेलेला’ अशा अर्थाचे धातुसाधित आहे. म्हणजे ‘टू डेज अगो’ याचा मूळ अर्थ ‘दोन दिवस गेले’ असाच. ‘त्याला जाऊन दोन दिवस झाले’ असे मराठीत म्हणतात, तीच ही तऱ्हा. ‘बिफोर’ हा शब्द एखाद्या घटनेच्या किंवा तारखेच्या मागच्या काळास लागतो : ‘बिफोर दिवाळी’ हे उत्तम आहे. याच्या उलट बाजूला ‘इन टू डेज’ या प्रयोगात मराठी माणसाची फसगत होते ती वाचताना. त्यास तेथे ‘दोन दिवसांत’ असे ऐकू येते, आणि इंग्रजाच्या मनात पुष्कळदा ‘दोन दिवसांनी’ असे असते. ‘इन टू डेज’ने हे दोन्ही अर्थ इंग्रजीत खरोखरच होऊ शकतात. म्हणून मुदतीचा प्रश्न असेल तेथे ‘विदिन’ लिहावे. त्याने संशय राहत नाही.

मुदतीचा प्रश्न निघालाच आहे तर कायद्याकडे एक नजर टाकणे योग्य होईल, कारण काळवाचक अव्ययांवर माणसांची घरेदारे अवलंबून असतात ती तेथे. आपल्या देशातील १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्ट या कायद्याचे नववे कलम केवळ दोन इंग्रजी शब्दांविषयी आहे असे म्हटले तरी चालेल. दिवसांच्या मालिकेतील पहिला दिवस वगळावयाचा असेल तर ‘फ्रॉम’ हा शब्द वापरणे पुरेसे, आणि शेवटचा दिवस धरावयाचा असेल तर ‘टू’ हा शब्द वापरणे पुरेसे, असे ते सांगते. एखाद्या अधिनियमात १ जूनपासून ३० दिवसांची मुदत ‘फ्रॉम’ने दिली असेल तर १ जून मोजावयाचा नाही, मोजणी २ जूनला सुरू होते आणि १ जुलैला संपते. त्यापुढचेच कलम म्हणते की, शेवटच्या दिवशी न्यायालय किंवा कचेरी बंद असेल तर ती पुन्हा उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीत धरावे. त्याच कायद्यात ‘मंथ’ म्हणजे ब्रिटिश पंचांगाचा महिना, असेही स्पष्ट केलेले आहे. ही व्याख्या करावी लागली याचे आश्चर्य वाटावयास नको. ज्या देशात चैत्र, मोहरम आणि मार्च हे तिन्ही महिने एकाच बाजारात चालतात, तेथे ‘एका महिन्यात पैसे देतो’ या वचनाचे तीन अर्थ होऊ शकतात. ‘दिवाळीपर्यंत देतो’ या वचनाचा अर्थ एकच आहे, पण त्याची इंग्रजी तारीख दरसाल बदलते. हे नियम कायद्यांच्या भाषेपुरते आहेत. खासगी करारात दोन्ही पक्षांनी तारीखच लिहावी आणि ‘तो दिवस धरून’ असे जोडावे, हे उत्तम.

आता घड्याळाकडे वळू. ‘किती वाजले?’ हा प्रश्न मराठीत भूतकाळी आहे आणि तो नादाचा आहे; जे वाजले ते मोजावयाचे. त्याचे ‘व्हॉट टाइम इज इट?’ असे इंग्रजी होते, त्यात नाद ऐकू येत नाही. पण ‘फाइव्ह ओक्लॉक’ यात तो दडलेला आहे. ‘ओक्लॉक’ म्हणजे ‘ऑफ द क्लॉक’ आणि ‘क्लॉक’ शब्दाचे मूळ ज्या लॅटिन शब्दात आहे त्याचा अर्थ घंटा. इंग्लंडातही वेळ प्रथम ऐकली गेली, मग पाहिली गेली. आपल्याकडे ‘घड्याळ’ या शब्दात घटिका आहे. दिवसाच्या साठ घटिका आणि एक घटिका २४ मिनिटांची. इंग्रजी ‘अवर’ आणि ज्योतिषातील ‘होरा’ हे तर सख्खे भाऊबंद. दोन्ही ग्रीक ‘होरा’ शब्दापासून आले. ‘नून’ या शब्दाचा प्रवास आणखी गमतीचा आहे. तो लॅटिनमधील ‘नववा तास’ यापासून निघाला, म्हणजे सूर्योदयापासून नववा, दुपारी तीनच्या सुमाराचा. मध्ययुगात तो सरकत सरकत बाराला येऊन थांबला. शब्दाचा मूळ अर्थ हीच शुद्धतेची कसोटी मानली तर ‘ट्वेल्व्ह नून’ म्हणणारा प्रत्येक इंग्रज तीन तासांनी चुकतो!

‘साडेपाच’ याचे ‘फाइव्ह अँड हाफ’ असे भाषांतर आपल्याकडे ऐकू येते. घड्याळाच्या बाबतीत ते इंग्रजीत चालत नाही. ‘हाफ पास्ट फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह थर्टी’ म्हणावे. परंतु मराठीच्या अपूर्णांकांची रचना इतकी सुंदर आहे की, तिच्यापुढे इंग्रजी वाक्प्रचार ओबडधोबड वाटतो. ‘सव्वा’ म्हणजे सपाद, पावासह. ‘साडे’ म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. ‘पावणे’ म्हणजे पादोन, पावाने उणे. ‘दीड’ व ‘अडीच’ यांची घडण मात्र निराळी. ‘अडीच’ हा ‘अर्धतृतीय’ याचा अपभ्रंश आहे, म्हणजे तिसरा अर्धा : दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा. साडेतीनास ‘औट’ म्हणत, ते ‘अर्धचतुर्थ’. देहास ‘औट हात’ म्हणण्याचा प्रघात त्यातूनच आला, आणि जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही सर्व पाठ करून घेत. हीच रीत जर्मन भाषेत आजही घड्याळाला लागते. जर्मन मनुष्य ‘अर्धे तीन’ म्हणतो तेव्हा त्याच्या घड्याळात अडीच वाजलेले असतात, अर्धतृतीयच ते! आणि इंग्लंडातला मनुष्य बोलण्यात ‘हाफ थ्री’ म्हणतो तेव्हा त्याच्या घड्याळात साडेतीन वाजलेले असतात. शब्द तेच, पण वेळ एक तासाने भिन्न. या बाबतीत मराठी बोलणाऱ्याने कोणाचेच अनुकरण न करता आकडा सांगावा हे बरे.

‘इन युअर वॉच व्हॉट इज द टाइम?’ हा ‘तुमच्या घड्याळात किती वाजले?’ याचा सरळ तर्जुमा. इंग्रजी रीतीने तेथे ‘बाय युअर वॉच’ हवे : घड्याळाच्या आधाराने, घड्याळाच्या म्हणण्याप्रमाणे. मुंबईत तर हा प्रश्न अर्धशतकभर केवळ व्याकरणाचा नव्हता. १९०६ च्या १ जानेवारीस हिंदी प्रमाणवेळ सुरू झाली, परंतु मुंबई शहराने आपली स्थानिक वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि १९५५ पर्यंत नगरपालिकेच्या कारभारात टिकली. आगगाडी एका वेळेने सुटे आणि शहर दुसऱ्या वेळेने चाले. त्या काळी ‘बाय बॉम्बे टाइम’ की ‘बाय स्टँडर्ड टाइम’ हे विचारल्याशिवाय भेटीची वेळ ठरविणे धोक्याचे होते, आणि ‘बाय’ हे अव्यय त्या शहरात खऱ्या अर्थाने जगत होते.

दिवसाच्या भागांची नावे घेताना इंग्रजी स्वतःच अव्यवस्थित आहे, ही गोष्ट शिक्षक सहसा कबूल करीत नाहीत. ‘टुमॉरो मॉर्निंग’ शुद्ध, ‘यस्टर्डे मॉर्निंग’ शुद्ध, पण ‘टुडे मॉर्निंग’ अशुद्ध; तेथे ‘धिस मॉर्निंग’ हवे. ‘यस्टर्डे ईव्हनिंग’ चालते, परंतु ‘यस्टर्डे नाइट’ कानाला खटकते. तेथे ‘लास्ट नाइट’. यात तर्क शोधू नये, कारण तो नाही. पूर्वी ‘यस्टरनाइट’ असा शब्द इंग्रजीत होता. तो मेला आणि त्याची जागा ‘लास्ट नाइट’ने घेतली, एवढेच. मराठीत ‘आज सकाळी’, ‘काल सकाळी’, ‘उद्या सकाळी’ ही माळ सरळ ओवलेली आहे. ‘टुडे मॉर्निंग’ म्हणणारा मनुष्य इंग्रजीला तिच्या स्वतःपेक्षा अधिक नियमित करू पाहतो. अर्थात त्याचा अर्थ कोणासही चुकीचा कळत नाही. म्हणून ही चूक दिसण्यापुरती आहे, ‘टिल मंडे’सारखी घातक नाही. ‘गुड नाइट’ची गोष्ट निराळी. रात्री कोणाच्या घरी गेल्यावर दारातच ‘गुड नाइट’ म्हटले तर यजमानास वाटेल की पाहुणा आल्यापावली परत निघाला. भेटताना कितीही रात्र झालेली असो, ‘गुड ईव्हनिंग’च म्हणतात.

मध्यरात्रीची वेळ तर भल्याभल्यांस चकविते. आपल्या परंपरेत वार सूर्योदयाला बदलतो; इंग्रजी रीतीने तारीख मध्यरात्री बदलते. नामपुरास आगगाडी नाही; उत्तरेकडे जावयाचे तर तेथील मंडळी बहुधा मनमाड जंक्शन गाठतात. समजा, तिकिटावर मंगळवार, १० तारीख आणि वेळ ००.१५ अशी आहे. मराठी मनाला ती ‘सोमवारची रात्र’ आहे. मंगळवारी दिवसभर घरची कामे आटोपून रात्री फलाटावर पोहोचणाऱ्या कुटुंबाची गाडी त्याआधीच चोवीस तास निघून गेलेली असते. येथे व्याकरण कोणाचेच चुकलेले नाही. ‘ट्वेल्व्ह पी. एम.’ लिहावे की ‘ट्वेल्व्ह ए. एम.’ हा वादही याच जातीचा. ही अक्षरे माध्याह्नीच्या आधी व नंतर असे सांगणाऱ्या लॅटिन शब्दांची आहेत. आणि माध्याह्न स्वतः त्याच्या आधीही नसतो व नंतरही नसतो. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे ‘ट्वेल्व्ह नून’ व ‘ट्वेल्व्ह मिडनाइट’ असे लिहितात, आणि आगगाडीच्या वेळापत्रकाने तर चोवीस तासांचा आकडा पत्करून हा तंटाच मिटविला आहे.

मोजणीचा आणखी एक फरक ओझरता सांगावयास हवा. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री. आपला पंधरवडा पंधरा तिथींचा. प्राचीन जर्मनिक लोक दिवस न मोजता रात्री मोजीत, हे रोमन इतिहासकार टॅसिटस याने नोंदविलेले आहे, आणि त्या सवयीचा अवशेष या शब्दात राहिला. ‘पंधरवड्याने या’ याचे भाषांतर ‘इन अ फोर्टनाइट’ केले की एक दिवस हरवतो.

सर्वांत मोठी गफलत मात्र ‘पुढे’ या शब्दात आहे. ‘सभा दोन दिवस पुढे ढकलली’ म्हणजे मराठीत ती लांबणीवर पडली. याचे भाषांतर कोणी ‘द मीटिंग इज ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज’ असे केले, तर त्याने मूळच्या उलट सांगितले. कारण इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणणे. बुधवारची सभा शुक्रवारी व्हावयाची, ती ऐकणारा सोमवारी येऊन बसणार. ‘मूव्ह फॉरवर्ड’ म्हटले तर इंग्रजांतच एकवाक्यता नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मानसशास्त्रज्ञांनी या नेमक्या वाक्याचे प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्यांवर केले, तेव्हा काहींनी सोमवार सांगितला तर काहींनी शुक्रवार. काळ आपल्याकडे चालत येतो असे मानणारा एक उत्तर देतो, आणि आपण काळातून पुढे चाललो आहोत असे मानणारा दुसरे.

या गोंधळात हिंदुस्थानी इंग्रजीने ‘प्रीपोन’ हा शब्द रूढ केला. ‘पोस्टपोन’ म्हणजे मागाहून ठेवणे, तर ‘प्रीपोन’ म्हणजे आधी ठेवणे. लॅटिनच्या दृष्टीनेही घडण निर्दोष आहे. हा शब्द अडाणीपणाचा असे पुष्कळ विद्वान आजही समजतात. वस्तुतः १९१३ मध्येच न्यूयॉर्क टाइम्सच्या एका वाचकाने संपादकास पत्र लिहून याच अर्थाने तो सुचविला होता. अमेरिकेत तो रुजला नाही. हिंदुस्थानात रुजला, आणि आता ऑक्सफर्डच्या कोशाने त्यास जागा दिली आहे. ज्या शब्दाने सोमवार आणि शुक्रवार यांतील संशय फिटतो, त्यास अशुद्ध म्हणणे हा केवळ हट्ट होय. परदेशी पेढीला लिहिताना तो समजेल की नाही याची शंका असेल, तर मात्र नवी तारीखच लिहून मोकळे व्हावे.

राहिला तो ‘च’. ‘तो आजच आला’ याचे ‘ही केम टुडे ओन्ली’ असे इंग्रजी महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येते. मराठीचा ‘च’ जोर देतो. इंग्रजी ‘ओन्ली’ मर्यादा घालते. दुकानावर ‘टुडे ओन्ली’ अशी पाटी असेल तर तिचा अर्थ ‘फक्त आजच्या दिवसापुरते’. ‘च’ला इंग्रजीत स्वतंत्र शब्दच नाही, तेथे आवाज चढवून ‘टुडे’वर जोर देतात, किंवा ‘ओन्ली टुडे’ असा क्रम बदलून ‘अगदी आजच’ असे सुचवितात. कागदावर आवाज चढविता येत नाही, म्हणून लिहिताना ‘च’ गाळणेच श्रेयस्कर.

आणि निरोप घेताना मराठी मनुष्य ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणणे आपल्याकडे अशुभ मानतात. हाच ‘येतो’ इंग्रजीत ‘आय अॅम कमिंग’ होऊन बाहेर पडला, की परदेशी यजमान बुचकळ्यात पडतो, कारण पाहुणा येतो म्हणतो आणि जिना उतरू लागतो. हाक मारली असता ‘आलोच!’ असे उत्तर येते, तेव्हा क्रियापद भूतकाळी असते आणि मनुष्य जागचा हललेलाही नसतो. इंग्रजीही अशी खोडी करते. ‘इट इज हाय टाइम ही वेंट’ यात ‘वेंट’ भूतकाळी आहे, पण तो मनुष्य अजून गेलेला नसतो. त्याने आता निघावे असे बोलणारास म्हणावयाचे असते. ‘आलोच’चे ‘आय केम’ मात्र होत नाही, आणि ‘येतो’चे ‘आय अॅम कमिंग’ही होत नाही, तेथे ‘आय विल बी ऑफ नाऊ’ किंवा ‘सी यू’ असे म्हणावे लागते. पुन्हा भेटण्याची आशा ‘सी यू’मध्ये थोडीशी आहे, तेव्हा ‘येतो’ला तोच त्यातल्या त्यात जवळचा.